दीड वाजताचा फोटो

१९ ऑगस्ट

परत तेच! पहाटे आदेला उठून बसली — छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज. सात वर्षांची माझी बहीण, तोंड उघडं टाकून खिडकीशी बसते. आणि खिडकीतून येतं काय? धूर.

लॅपटॉप उघडला. कालचा सॅटेलाइटचा फोटो, दुपारी १:४० चा. आमच्या गावावर, सान लिबोरिओवर, धुराची एक रेघसुद्धा नाही! हिरवं-तपकिरी, चकाचक. वरून बघणाऱ्याला वाटेल, स्वर्ग आहे.

आई म्हणे, "लेकरू खोकतंय आणि तू फोटो बघत बसलीस!"

अगं, तिच्यासाठीच बघतेय ना! धूर कुणाच्या शेतातून निघतो ते एकदा, फक्त एकदा फोटोत पकडू दे. गावसभेत सगळ्यांसमोर ठेवते. मग बघू कोण रान जाळतं.

२० ऑगस्ट

फोटो स्वच्छ. आदेलाची छाती नाही.

२३ ऑगस्ट

जुलैत मीच दुकानाच्या दारावर कागद लावला होता — 'सॅटेलाइट रोज दीडच्या सुमाराला गावावरून जातो. वर बघून हात हलवा!' पोरं खरंच हलवायची. काय खूश होते मी!

आज नाझारिओमामांनी दुकानात विचारलं, "काय गं विल्मे, तुझा वरचा पाहुणा येऊन गेला का?"

"गेला की, मामा! मघाशीच."

"जेवायला नाही थांबला?"

सगळे हसले. मीपण हसले. मूर्ख!

२४ ऑगस्ट

दुपारभर पाण्याच्या टाकीवर चढून बसले. चार वाजले आणि धुराचे खांब उठायला लागले. एक, दोन... पाच! पहिला मामांच्याच शेतातून.

म्हणजे माझाच कागद वाचून! पाहुणा गेला की काडी लावायची. फोटोत काही दिसत नाही, तालुक्याचा माणूस दंड करायला येत नाही. आणि सान्ता क्रूस शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकून आलेली मी — यांचं घड्याळ!

२५ ऑगस्ट

भांडले. मामा कोकाची पानं गालात कोंबत म्हणाले, "चारला वारं पडतं पोरी, म्हणून चारला पेटवायचं. माझा बापही चारलाच पेटवायचा. तेव्हा वर नुसती गिधाडं होती."

"मग मला वेळ कशाला विचारता?"

मामा पानं चघळत राहिले. सापडले ना! वारं म्हणे!

आई म्हणते, माझ्या भावाच्या मागे लागू नकोस, पावसाच्या आत रान साफ झालं नाही तर युकाचे कंद कुठे लावणार, तुझ्या लॅपटॉपवर? बरोबर आहे तिचं. पण पहाटे आदेलाची पाठ चोळत मी बसते.

२९ ऑगस्ट

आदेलाच्या दम्याच्या पंपात औषध संपत आलंय. हलवला की नुसता खुळखुळतो.

३० ऑगस्ट

दुकानावरचा कागद फाडला. नवा लावला — 'वेळ बदलली. आता सकाळी अकरा.'

साफ खोटं. पेटवा आता बाराला. दीडला या सगळे फोटोत.

३१ ऑगस्ट

मामा दारात. "विल्मे, आता अकरालाच जातो ना तो? नक्की?"

"नक्की."

"मग उद्या साडेबारालाच उरकतो. दुपारचं वारं असतं, पण बघू. चारचा ट्रक तरी गाठता येईल. ताई म्हणत होती, आदेलाचा पंप संपलाय. तालुक्याहून घेऊन येतो."

"मामा..."

"काय गं?"

"काही नाही. युका कुटून मासाको केलाय आईनं. खाऊन जा."

दोनदा मागून खाल्ला. बोटं चाटत म्हणाले, "शहरात शिकलीस, पण मामाला विसरली नाहीस."

१ सप्टेंबर

फोटो मिळाला. १:४३. धुराचं टोक बरोबर मामांच्या शेतात. इतका स्पष्ट कधीच आला नव्हता. कुणालाच दाखवला नाही. माणसं अजून राखेत फिरून मामांना हाका मारताहेत.

चारचा ट्रक येऊन गेला. ड्रायव्हर बराच वेळ हॉर्न वाजवत थांबला होता.