आडोशाची जागा

प्रिय घारूबाई,

तुझ्याविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे आणि ती गंभीर आहे. तू परत गेल्यापासून मी बिनसाखरेचा चहा पितोय. माझ्या ऑपरेशननंतर राहायला आलीस आणि जाताना साखरेचा डबा वरच्या फळीवरून ओट्यावर आणून ठेवलास. डबा काचेचा, माझ्या नाकासमोर. तरी माझे डोळे मेले वरच्या फळीवरच जातात, आणि तिथे डबा नाही म्हणजे घरातली साखर संपली, असा निकाल देऊन मोकळे होतात. तुझी आई म्हणते, शाळेत जन्मभर खेळ शिकवलेत, साधी लपाछपी जमेना होय?

तिला काय माहीत, लपवण्यात मी किती पोचलेला होतो! माझी मैदानावरची शिट्टी मी घरात लपवायचो आणि तू शोधायचीस. सुरुवातीला सगळं घर उलथंपालथं करायचीस. पुढे पुढे नुसती दारात उभी राहायचीस, एकदा नजर फिरवायचीस आणि सरळ घड्याळामागे हात घालायचीस. बापाची खोड पाठ झाली होती तुला. मी वस्तू डब्यात, खिशात कधी ठेवत नाही, कशाच्या तरी आडोशाला ठेवतो. शिट्टी कायमची मागितलीस तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, जे लपलंय हे मलाही ठाऊक नाही असं काही शोधून दाखव, मग शिट्टी तुझी.

मग यंदाचा तो खोकला. तू शिकतेस त्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना माझ्या छातीच्या फोटोत काही दिसलं नाही. तू अजून शिकाऊ, पण तोच फोटो पुन्हा उजेडावर लावलास आणि गळ्याजवळच्या हाडामागे बोट ठेवलंस. आईला म्हणालीस म्हणे, बाबांनी लपवलंय ना, मग आडोशालाच असणार. धाबं दणाणलेलं असतानाही मला हसू फुटलं. टाके पडायच्या आत हसून घेतलं. आता तेच डॉक्टर नव्या मुलांना तो फोटो दाखवतात, आणि मी भेटेल त्याला धरून सांगतो, छाती माझी, पण बोट माझ्या मुलीचं!

गाठ काढली त्या बाजूचा हात वर जात नाही, म्हणून डबा खाली आला, हे मला आज सकाळी उमगलं. आजच तपासणीचा निकालही आला. काही उरलेलं नाही. तेच कळवायला बसलो. सोबत शिट्टी पाठवतोय. कशाच्याही आडोशाला नाही, पाकीट उघडलंस की समोरच आहे.

तुझाच, पुरता सापडलेला,
बाबा