राहिलेली पानं

४ नोव्हें., मंगळ.
आत्मचरित्राच्या मागच्या पानाचा मजकूर प्रकाशकाकडून आला. 'मदरशाची सनद मिळवलेले आलिम, दोनदा खासदार, माजी राजदूत.' खासदार, राजदूत बरोबर. पण धर्मपंडिताची ती सनद मला मिळालेलीच नाही. हदीसच्या, पैगंबरांच्या वचनांच्या किताबाची शेवटची पानं उस्तादांसमोर वाचल्यावरच ती मिळते; तीच वाचायची राहिली होती आणि इकडे उमेदवारी अर्जाची मुदत संपत होती. न विचारता निघालो. परत गेलोच नाही.
मजकूर शुक्रवारपर्यंत तपासून हवा. तीन शब्द खोडायचे, बस. दिवसभर बेलापूरच्या फ्लॅटमध्ये गॅलरी ते दार, दार ते गॅलरी.
बायको, नसीमा, म्हणाली, "चाळीस वर्षं पोस्टरवर मौलाना छापून घेतलंत. आता अडलं होय?"

५ नोव्हें.
पुन्हा नसीमाच. "उस्ताद आहेत अजून. जासईला, त्यांच्या मुलाकडे. माझं डोकं कशाला खाता, त्यांना विचारा."
परदेशात राष्ट्राध्यक्षांच्या हातात अधिकारपत्र द्यायला सरळ चालत गेलो होतो. आज गाडीची किल्ली दोनदा घेतली, दोनदा ठेवली.

६ नोव्हें., गुरु.
गेलो. कंटेनरच्या ट्रेलरमागे पाऊण तास. उस्ताद नव्वदीला टेकलेत, नजर गेली. सलाम केला, आवाजावरून ओळखलं.
"राजदूत झालास म्हनं."
"जी."
"किताब आनलास?"
आणला होता. राहिलेल्या पानाशी खूण तिथंच, पहिल्या निवडणुकीचं पत्रक, नावाआधी 'मौलाना'. त्यांना दिसलं नाही, बरं झालं. वाचायला लागलो.
"भाषन देतोस काय? मला मत नाय द्यायचंय. हलू वाच."
एका ओळीत तीन चुका. रोज असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर ये म्हणाले, पंधरा दिवस लागतील. सनदेचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही.

७ नोव्हें., शुक्र.
प्रकाशकाला कळवलं : 'मदरशाची सनद मिळवलेले' काढा. संपादकबाई म्हणाल्या, "सर, मग तिथं काय टाकू? ओळ तोकडी पडते." सोमवारी सांगतो म्हणालो. इतकी वर्षं वर्तमानपत्रात सदर लिहिलं, एकदाही मुदत चुकवली नव्हती.

८ नोव्हें.
जासईहून परतताना दिल्लीहून परराष्ट्र मंत्रालयाचा फोन. शिष्टमंडळ सोमवारी आखातात निघतंय. वाटाघाटी, दोन महिने तरी. "तुमच्यासारखा आलिम माणूस दुसरा कुठून आणू, मौलाना?" उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं.
मला जायचंय. इथं तरी खरं लिहितो.

९ नोव्हें., रवि.
नसीमानं बॅग काढून पलंगावर उघडी ठेवली. आत काही नाही. "तुमचं तुम्ही बघा."
उस्तादांना खोकला. अर्ध्या पानावर थांबावं लागलं. या वेळी विचारूनच जायचं ठरवलं होतं, म्हणून सगळं सांगितलं. आखात, सोमवार, दोन महिने.
खोकला थांबल्यावर म्हणाले, "तवा इचारलं असतंस तर जा म्हनलो असतो."
"आणि आता?"
"आता फुडली ओल वाच."
वाचली. खिशात दिल्लीचा फोन वाजत होता. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. फोन वाजू दिला, वाचली.