एन्ये नावाचा ग्रह

बाराओना,
रविवार (तुमच्याविना सुनासुना)

तीर्थस्वरूप दाजी तेओदार्दो यांच्या सेवेशी,

ज्याचा आवाजसुद्धा कानावर पडू द्यायचा नाही असं आपण ठरवलं आहे, त्या धाकट्या मेहुण्याचा, विल्फ्रिदोचा, वाकून नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. निदान वीज असते तेवढा वेळ तरी. आमच्या सौ. झुनिल्दाची कंबर अधूनमधून धरते, पण हात आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे, की नुसते बूट चढवून अंगणात बसता आणि शेजारी दिसले की उठून दोन पावलं टाकता? (ही तुमची युक्ती मला ताईनेच सांगितली होती. चहाडी म्हणून नव्हे, कौतुक म्हणून.)

फोन तुम्ही उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, खेळात फिरकत नाही, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. हे पत्र आमच्या गल्लीतल्या बाई, दोन्या फ्रेदेस्विंदा, घेऊन येताहेत. त्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे व्हेनेझुएलात, तुमच्या बार्किसिमेतोला निघाल्यात. पत्र उघडू नका असं मी त्यांना बजावलं आहे, तेव्हा ते तुमच्या हाती पडेपर्यंत त्यांना तोंडपाठ झालेलं असेल. काही अक्षर लागलं नाही तर त्यांना विचारा.

दाजी, मला तुमची माफी मागायची आहे, पण माझं असं होतं की माफी मागायला बसलो की आधी खुलासा सुरू होतो आणि खुलासा संपेपर्यंत समोरचा उठून गेलेला असतो. या वेळी तुम्ही आधीच उठून गेला आहात, तेव्हा मी निवांत खुलासा करतो.

गेल्या वर्षी कासिल्दाताई गेली. त्यानंतर दर रविवारी दुपारी तुम्ही फोन करायचात. तिच्या हयातीत तीच बोलायची आणि आपण दोघे मागून हूं हूं करायचो; ती गेल्यावर उरलं ते नुसतं हूं हूं. हवा बोलून झाली, रक्तदाब बोलून झाला, तुमच्याकडचं आणि आमच्याकडचं सरकार बोलून झालं. मग एका रविवारी तुम्हीच म्हणालात, "विल्फ्रिदो, तुझ्याकडे तो कॉम्प्युटर धूळ खात पडलाय ना? त्यावर 'दूरचा किनारा' हा खेळ घे. अवकाशयानं उडवायची, ताऱ्यांमधून हिंडायचं. निदान एकमेकांना दिसेल तरी की आपण काय करतोय." मला वाटलं म्हाताऱ्याला वेड लागलं. पण घेतला. पहिल्या दिवशी मी यान उडवायच्या जागी उलटं करून ठेवलं आणि तुम्ही इतके हसलात, इतके हसलात, की ताई गेल्यापासून मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना ऐकलं. मग मी दुसऱ्या दिवशीही ते उलटं केलं. (ते मुद्दाम होतं. तिसऱ्या दिवसाचं नव्हतं.)

त्या ओसाड ग्रहावरचं दार आपल्याला कसं सापडलं ते तुम्हाला सांगायला नकोच, पण दोन्या फ्रेदेस्विंदांना संदर्भ लागायला हवा. तर ग्रहाला नाव नव्हतं, माणूस नव्हता, झाड नव्हतं. होतं ते एक प्रचंड बंद दार आणि वर फिरणारे तीन चंद्र, प्रत्येकावर एक काळा खांब. खेळ बनवणाऱ्या मंडळींनी याबद्दल तोंडातून अवाक्षर काढलेलं नव्हतं. जगभरचे खेळाडू तिथे येऊन दाराला गोळ्या मारून, धडका देऊन, शिव्या देऊन परत जायचे. तिथेच आपल्याला यास्ना बारिएन्तोस भेटली, चिलीच्या दक्षिणेकडच्या चिलोए बेटावरची दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात पावसामुळे रोगी येत नाहीत आणि आले तर तोंड उघडून बसतात, बोलत नाहीत. त्यामुळे ती बोलायला भुकेलेली. तिघांनी मिळून डोकं लावायचं ठरलं.

आणि पहिल्याच दिवशी मी तिला गोळी घातली. आता यात माझा काय दोष ते तुम्हीच सांगा. मी विचारलं, खांबापाशी कधी येतेस? ती म्हणाली, "आल तिरो!" आपल्याकडे तिरो म्हणजे गोळी. बाई एवढ्या जोरात 'गोळी' म्हणते म्हणजे मागे शत्रू लागला असणार, असं समजून मी दिसेल त्या यानावर झाडली, ती तिच्याच यानाला लागली. मग कळलं की चिलीत 'आल तिरो' म्हणजे 'ही आलेच'. तुम्ही तेव्हा केवढ्या गंभीरपणे सभा घेतलीत! ठराव केलात की यापुढे 'आल तिरो' हा शब्द बंद. सगळ्यांना समजेल असंच बोलायचं. तिघांनीही मान डोलावली. आणि दाजी, तुम्हाला किंवा मला 'आओरिता' हा शब्द त्या सभेत आठवू नये? आपल्याच घरात या शब्दाने काय गोंधळ घातला होता!

आठवतं ना? तुम्ही आमच्या साखर कारखान्यात बॉयलर बसवायला आलात, ताईला पाहिलंत आणि लग्नाचं विचारलंत. ती म्हणाली, "आओरिता." इकडे बाराओनात, आमच्या बेटावर, आओरिता म्हणजे 'नंतर बघू', बहुतेक वेळा 'विसरून जा'. तुमच्या व्हेनेझुएलात आओरिता म्हणजे 'आत्ता, या घटकेला'. तुम्ही संध्याकाळी पाद्रीबाबांना घेऊन दारात हजर! आईने डोक्याला हात लावला, बाबांनी काठी शोधली, आणि ताई केस विंचरत बाहेर येऊन म्हणाली, "आलेच आहेत तर उरकून टाका. इतकी घाई असलेला माणूस पुन्हा मिळायचा नाही." पुढे जन्मभर ती तुम्हाला आओरिता म्हणत राहिली आणि तुम्ही गाडी चालू करून हॉर्न वाजवत राहिलात.

असो. खांबांचं कोडं तुम्हीच पहिल्यांदा ओळखलंत. एका खांबाला हात लावला की तो घुमतो, आणि जरा वेळाने दुसऱ्या चंद्रावरचा खांब त्याला हळूच साद देतो. म्हणजे तिन्ही एकदम घुमले पाहिजेत. यास्ना म्हणाली, दार पहिल्यांदा उघडणाऱ्याला ग्रहाचं नाव ठेवता येईल, या खेळात तशीच पद्धत आहे.  त्यावर तुम्ही घसा खाकरून म्हणालात, "कासिल्दा ठेवू या का? तुमची हरकत नसेल तर." हरकत! यास्नाने ताईला कधी पाहिलेलं नाही, पण तिने लगेच नावाची अक्षरं विचारून लिहून घेतली. मी काही बोललो नाही, कारण माझ्या तोंडात तळलेलं केळं होतं. खरं म्हणजे केळं नव्हतं. मला बोलता येत नव्हतं.

आणि मग तो रविवार. तिघे तीन चंद्रांवर, आपापल्या खांबापाशी. माझं यान खांबाला चिकटून उभं, फक्त एक बटण दाबायचं बाकी. मी विचारलं, "दाजी, दाबू?" तुम्ही म्हणालात, "आओरिता!"

मी काय समजायचं? चाळीस वर्षं तुम्ही आमच्या घरचे जावई, तुम्हाला आमची बोली एवढीही लागली नसेल असं मला कसं वाटावं? मला वाटलं, यास्नाची तयारी नाही, नंतर करायचंय. मी माईक चालू ठेवून नाक्यावरच्या कोलमादोत, वाण्याच्या दुकानात, बर्फ आणायला गेलो. दुकानदाराकडे बर्फ फोडायचा बाकी होता. डोमिनोच्या टेबलावर चौथा भिडू कमी होता. पुढचं तुम्ही ओळखालच.

इकडे घरात झुनिल्दा फडकं घेऊन आली. तुम्ही तिकडून ओरडताय, "आओरिता, विल्फ्रिदो! आओरिता!" तीही बाराओनाचीच. ती शांतपणे माईकमध्ये म्हणाली, "बरं दाजी, नंतर म्हणून सांगते त्याला," आणि कीबोर्ड पुसायला घेतला. फडक्याखाली बटण दाबलं गेलं आणि माझा खांब घुमला. तुमचे दोन घुमतच होते. दार उघडलं. आणि ज्याचा खांब शेवटी घुमतो त्याच्याच पडद्यावर नावाची चौकट येते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक होतं? झुनिल्दाचं फडकं तेव्हा एन्येवर होतं, डोक्यावर लाट असलेल्या त्या आपल्या स्पॅनिश अक्षरावर. तिथे वरणाचा जुना डाग आहे, तो तिने जोर लावून घासला, आणि मग पुढची कळ पुसली ती नेमकी होकाराची निघाली.

मी बर्फ घेऊन परत आलो तेव्हा वीज गेलेली होती. विचारलं, काय दिसलं आत? म्हणाली, "निळं होतं. छान होतं. मला वाटलं टीव्ही लागला." आजतागायत याहून जास्त काही तिच्याकडून निघालेलं नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या दाराच्या आत माझी बायको डोकावली आणि तिला ते छान वाटलं, एवढीच माझ्या पदरात पडलेली माहिती.

दाजी, त्या ग्रहाचं नाव आता एन्ये आहे; एन्येपुढे एन्ये, ओळभर. आणि त्यावर लोकांनी काय काय तर्क लढवलेत! एक म्हणतो हा गुप्त नकाशा आहे, अक्षरांवरच्या लाटा मोजा. दुसरा म्हणतो ही आम्हा स्पॅनिश बोलणाऱ्यांची इंग्रजीवाल्यांना चपराक आहे. माद्रिदच्या कुणा प्राध्यापकाने माझं जाहीर अभिनंदन केलं. नाक्यावर तर मला सगळे 'एन्ये'च म्हणतात. मी खरं सांगायला गेलो तर म्हणतात, अहो, विनय पुरे! झुनिल्दाला मी हे वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "डाग गेला का ते बघ आधी." गेला नाही.

खेळवाल्यांना मी विनवणीचं लिहिलं. एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. यास्नाने तुमच्या वतीने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. दार उघडलं त्या दिवशी तुम्ही तिला एवढंच म्हणालात ना, की "तिच्यासाठी एक गोष्ट करायची होती, तीही जमली नाही," आणि यान तिथेच उभं ठेवून निघून गेलात? तिने मला सांगितलं. दाजी, तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात तर मी दोन घास सुखाने जेवलो असतो. मला फार वाईट वाटतं हो. माझी एकुलती एक बहीण, तिचं नाव आकाशात लागायचं होतं, आणि मी तेव्हा डोमिनोची डबल-सहाची सोंगटी हातात धरून बसलो होतो. त्यात तो डावही हरलो.

तरी तुम्ही मोठे आहात, अपराध पोटात घाला. यास्ना दर रविवारी आपल्या चंद्रावर येऊन बसते. मीही माझ्या चंद्रावर बसतो. दोघंच असलो की तिसरा खांब घुमत नाही.

आपला अपराधी,
विल्फ्रिदो पेगेरो

ता. क. खेळातल्या आकाशाच्या दुसऱ्या टोकाला यास्नाला आणखी एक बिननावाचा ग्रह सापडला आहे. दार लहान आहे, पण दार आहे. या वेळी बटण दाबताना फक्त 'दाब' म्हणायचं, असा ठराव आम्ही दोघांनी केला आहे. तुमची सही बाकी आहे. झुनिल्दाला त्या दिवशी तिच्या बहिणीकडे धाडू.

आणखी एक ता. क. वरचं सगळं दोन्या फ्रेदेस्विंदांसाठी आहे. हा कागद मी वेगळा डकवून बंद केला आहे, तो फक्त तुमच्यासाठी. दाजी, मला ग्रहबिह काही नको. दार उघडो न उघडो. तुमचा माईक चालू असायचा ना, तेव्हा मागून तुमचा पोपट बोलायचा. तुम्हाला सवयीने ऐकू येत नसेल. तो अगदी ताईच्या आवाजात ओरडतो, "तेओदार्दो, ये रे, कॉफी गार होतेय!" तिच्यासारखाच शेवटी सूर चढवून. तुम्ही वैतागून त्याला गप्प करायचात आणि मी इकडे यान मुद्दाम चुकवायचो, म्हणजे तुम्ही आणखी थोडा वेळ थांबाल आणि तो पुन्हा बोलेल. किती रविवार झाले, मी तिला ऐकलं नाही. तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. खेळूही नका. फक्त रविवारी दुपारी माईक चालू करून ठेवा, आणि पिंजरा खिडकीपासून जरा आत घ्या. रस्त्यावरच्या गाड्यांमुळे तिचं नीट ऐकू येत नाही.