हातावरचं दही

शनिवार, ४ मे
एकादशी. मंदार सकाळी मुलांना सोडून उभ्या उभ्या पुण्याला परत गेला. तिकडचं घर आवरायचंय, सामान विकायचंय. महिनाअखेर चौघं जर्मनीला. तीन वर्षं.
ओवी सात वर्षांची, आल्याबरोबर गळ्यात पडली. नीलला चार पूर्ण व्हायचीत, तो दारातच उभा. मला 'रत्नागिरीची आजी' म्हणतो. नुसती आजी म्हणजे सूनबाईची, केतकीची आई, तिनेच त्याला सांभाळलं. त्याचं काय चुकलं? रोज दिसते ती आजी.
मंदार जाताना पुन्हा तेच, "आई, तुम्ही दोघं या ना तिकडे. महिनाभर तरी." म्हटलं, देवांना कोण बघेल? लग्न होऊन आल्यापासून या देवांचा नैवेद्य एक दिवस चुकला नाही. 
दूध अर्धा लि. जास्त सांगितलं.

सोमवार, ६ मे
दिवसभर तोंडात एकच, हात लावू नको. देवांना नको, मी सोवळ्यात आहे. लोणच्याच्या बरणीला नको. माळ्यावर आंबे पिकत घातलेत, तिथे जाऊ नको. संध्याकाळी रामरक्षा म्हणायला दोघांना बसवलं, तर नील ओवीला हळूच विचारतो, "इथे कशालाच हात लावायचा नाही का गं?"
ऐकलं मी. पुढचा श्लोक चुकला, पुन्हा पहिल्यापासून म्हटली.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गावात मुलांचं नवीन संग्रहालय झालंय, तिथे नेऊ. मी म्हटलं, झालं, तिथे तर सगळं काचेत.
"तू बघ तरी."

बुधवार, ८ मे
गेलो. रिक्षा केली, ऊन फार.
दारातली पोर म्हणाली, "आजी, इथे सगळ्याला हात लावायचा. नाही लावलात तर आम्ही रागावतो." नीलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग जो सुटला.
हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ते कुठे ऐकतायत. दोरी ओढून वजन उचलायच्या चाकांपाशी अर्धा तास. मी म्हटलं, "अहो, मागे मुलं थांबल्येत." तर म्हणतात, "त्यांना सांग, मामा आत्ताच आलेत." मामा! आजोबा म्हणवून घ्यायला नको. ओवी हसून हसून खाली बसली.
एका कोपऱ्यात छोटं घर. लाकडी गॅस, लाकडी भाज्या, भांडीकुंडी. बाहेर लाकडाची लाल बस. मी त्या गॅसपाशी टेकले, गुडघे बोलत होते. नीलने ड्रायव्हरची टोपी घातली आणि म्हणाला, "मी जातो."
सवय. तोंडातून गेलंच, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं. आणि थांब, दही घे." रिकाम्या वाटीतला रिकामा चमचा त्याच्या तळहातावर ठेवला.
"हे काय?"
"लांब जाणाऱ्याच्या हातावर दही घालतात. चाटून टाकायचं. मग माणूस काम करून सुखरूप परत येतो."
त्याने नुसताच हात चाटला. (किती जणांचे हात लागलेले त्या खेळण्यांना, नंतर साबणाने धुवून घेतला.) बस हाकून आला. "आलो." पुन्हा हात पुढे. पुन्हा "येतो", पुन्हा "आलो".
दुसरी पोरंही येऊन उभी राहिली. एक चिमुरडी म्हणते, "मला साखर घालून."
किती वेळ चाललं कोण जाणे. प्रत्येक वेळी माझ्याकडेच येत होता. खरंच असं असतं तर...

निघताना नील माझ्या कडेवर. ओवीने हात पुढे केला तरी गेला नाही.

शुक्रवार, १० मे
अक्षय्य तृतीया. आमरस, पुरी.
आता घरात दह्याशिवाय कुणी हलायचं नाही. आजोबा पेपर आणायला निघाले, दही. सुलूवहिनी शेजारून कढीलिंब मागायला आल्या, जाताना त्यांच्याही हातावर. विरजण दुपटीने लावत्ये.
आज देवांसमोर त्याला मांडीवर घेऊन फुलं त्याच्या हातून वाहिली. सोवळ्यातच होत्ये. देव काही बोलले नाहीत.
हाक मारली त्याने दुपारी, "आजी." पुढेमागे काही नाही. 'ओ' द्यायलाच वेळ लागला मला.

रविवार, १२ मे
मंदार मुक्कामाला आलाय, सकाळी निघायचं म्हणतो. यंदा गणपतीला नाही येणार ते. मखर मंदारच करतो दर वर्षी. 
आंबे पाटीत भरून दिले. जर्मनीत नेऊ देत नाहीत म्हणे. पुण्यात खातील.
दही लावलं. झोपताना वाटी हलवून पाहिली, नीट लागतंय.

सोमवार, १३ मे
गेली. नाही, 'येतो' म्हणून निघाली. मीच चुकत्ये.
मंदारच्या हातावर घातलं, मग ओवीच्या, मग नीलच्या. नीलने चाटलं आणि चमचा माझ्या हातातून घेतला. "आता तू हात कर."
"अरे, जाणाऱ्याने घ्यायचं असतं."
"मग तू ये ना."
वाटीतलं उरलेलं सगळं माझ्या तळव्यावर. वाटी खरवडून घातलं. मंदार गाडी सुरू करून बसला होता, त्याने इकडे पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं.
वळणापर्यंत गाडी दिसते. मी तशीच उभी. हे म्हणाले, "अगो, चाट ते, मनगटावर ओघळतंय."
दही टाकता येत नाही. चाटलं.
घरात आल्यावर हे एवढंच म्हणाले, "बघ बाई, घेतलंयस."
पूजेला आज उशीर.

गुरुवार, १६ मे
ह्यांनी ट्रंकेतून माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलंय. म्हटलं, कशाला? म्हणाले, "पासपोर्टला जन्मतारखेचा दाखला लागतो. लागलाच तर." मी ते पुन्हा ट्रंकेत ठेवलं. दुपारी बघत्ये तर पुन्हा टेबलावर.
फोनवर नील, "आजी, निघालीस का?"
म्हटलं, अजून नाही रे.
"मग कधी निघत्येस?"

शनिवार, १८ मे
सुलूवहिनी आल्या होत्या. बोलता बोलता विचारलं, देवांची पूजा जमेल का तुम्हाला, नैवेद्य काय, दूधसाखरही चालते. म्हणाल्या, न जमायला काय झालं? किती दिवस?
कढीलिंब काढून दिला. आकडा सांगितला नाही.
दही आज कमीच लावलं, दोघांपुरतं.