गोलकीपरचा चष्मा

ती. आत्यास, दुकानातल्या मोडक्या स्टुलावरून भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकताना माझा चष्मा काउंटरवर पडला. काच शाबूत आहे, काळजी नसावी.) तुझे गुडघे आता कसे आहेत? मांजर अजून उशीवरच झोपतं का? भाडेकरूबाईंनाही माझा नमस्कार सांग. आपल्या घरात त्यांना सगळे भाडेकरूबाई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. एकाच घरात इतकी वर्षं राहून, तुझ्या दुखण्यात उशाशी बसून राहणाऱ्या भाडेकरू मी दुसऱ्या कुठे पाहिल्या नाहीत, पण मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नये असं आई म्हणते. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे कोणाचा हातपाय मोडलेला नाही. बाबांचा मोडला होता, तोही जुळला. बाकी जे मोडलंय त्याला प्लास्टर घालता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसलोय.

सुरुवात बाबांच्या हातापासूनच करतो, कारण तो मोडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. तुझा भाऊ गावभर चष्मे विकतो आणि स्वतः लावत नाही, हे तुला माहीतच आहे. (दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या दुकानात चोवीस तास असतो.) दुकानावर टांगलेला तो भलामोठा पत्र्याचा चष्मा पुसायला ते शिडीवर चढले, उतरताना एक पायरी दिसली नाही आणि थेट फुटपाथवर आले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मग त्यांनी बाहेर काउंटरवर बसायचं आणि मी आत पडद्यामागच्या खोलीत डोळे तपासायचे, असं ठरलं. काम मी शिकलेलोच होतो. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावायचा, बाकीचे विझवायचे, नाकावर ती जड फ्रेम ठेवायची आणि एकेक भिंग बदलत विचारत राहायचं, "हे बरं की ते बरं?" बाबांचा नियम एकच: डोळे गिऱ्हाइकाचे, निर्णयही गिऱ्हाइकाचाच. तो म्हणेल तो नंबर. आपण शहाणपणा करायचा नाही. आत्या, आमचा जो काही सत्यानाश झाला तो या नियमानं झाला, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो.

तर गोली. शिट्टीवाल्या सरांचा मुलगा. (सर शाळेत खेळ शिकवतात. शिट्टी गळ्यातच असते, जेवतानाही काढत नाहीत म्हणे.) तो माझ्याच वर्गातला, शाळेच्या संघाचा गोलकीपर, म्हणून गोली. आईच्या चष्म्यासाठी तिच्याबरोबर आला होता. तिचं झाल्यावर गंमत म्हणून खुर्चीत बसला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. एवढंच नाही, तक्त्याच्या अगदी तळाला छापखान्याचं नाव आहे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, जे मी आजवर भिंग घेऊनही वाचलं नव्हतं, तेही वाचलं. वर म्हणाला, "याच्यात शुद्धलेखनाची चूक आहे रे." मी जाऊन पाहिलं. होती.

पुढच्याच आठवड्यात हे महाशय एकटे हजर. म्हणे, लांबचं पुसट दिसतंय. मी दिवा लावला. सगळ्यात वरचं ढोबळ अक्षर, जे आंधळ्यालाही चाचपून कळेल, ते पाहून कपाळाला आठ्या घालत म्हणाला, "काहीतरी आहे खरं." मला हसू आवरेना. पण नियम म्हणजे नियम. मी भिंग घातलं, विचारलं, हे बरं की ते बरं. तो म्हणाला, "परत दाखव." परत दाखवलं. "अजून एकदा." तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो तक्त्याकडे बघतच नव्हता. आत्या, आपल्या धंद्यात माणसाच्या इतक्या जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत खुशाल बघत राहता येतं आणि कोणी का म्हणून विचारत नाही. पण समोरचाही बघायला लागला की पंचाईत होते. माझ्या हातातून भिंग पडलं. बाहेरून बाबा ओरडले, "फुटलं का?" मी म्हटलं, "नाही."

मग तो येतच राहिला. पहिला चष्मा दिला तो अगदी नावापुरत्या नंबरचा. पण चष्मा झाला की यायचं कारण संपतं ना? म्हणून काही दिवसांनी त्याला जवळचं दिसेनासं झालं, मग पुन्हा लांबचं. आत्या, तुला यातलं कळत नाही म्हणून सांगतो, माणसाचा नंबर असा माकडासारखा इकडून तिकडे उड्या मारत नाही. नवीन काचांनी तर त्याला खरंच लांबचं धूसर दिसायला लागलं. शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याला त्यानं "नमस्कार काकू" म्हटलं. उभ्या सायकलीवर आदळला आणि सायकलीचीच माफी मागितली. मॅचमध्ये चेंडू डावीकडून आला आणि हा उजवीकडे झेपावला, तेही फार सुंदर. मी त्याला म्हटलं, "अरे खेळताना तरी काढत जा." तर म्हणाला, "तू दिलायस ना, मग असू दे."

तपासणीत शेवटी मी एक नवी पायरी घातली. ती कुठल्या पुस्तकात नाही, मीच शोधून काढली. भिंगं बदलून डोळे शिणतात, तेव्हा थोडा वेळ डोळे मिटून शांत बसायचं. तपासणाऱ्यानंही. शेजारच्या स्टुलावर. एकमेकांचा हात धरून. बोलायचं नाही. पडद्यापलीकडे बाबा कोणालातरी सोनेरी फ्रेम खपवत असायचे, त्यांचा आवाज यायचा. आत्या, मला तो आवडतो. मित्र आवडतात तसा नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, त्यालासुद्धा नीटसं नाही, कारण तिथे बोलायचं नाही हा नियम मीच करून बसलो होतो.

पुढे बाबांचं प्लास्टर निघालं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं इतके दिवस चाललेलं, आता दळणारा डोळस झाला. गोली आला तेव्हा बाबा स्वतः पडद्याआड गेले. बिचारा घाबरला आणि घाबरून जास्तच खोटं बोलला. बाहेर आले तेव्हा बाबांचा चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांत असे डोळे पाहिले नाहीत म्हणाले. त्याच संध्याकाळी सरांच्या घरी जाऊन, नजर जायची लक्षणं आहेत, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगून आले. त्याची आई दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर डोकं टेकून रडली. तिच्या डोळ्यांवर मीच नंबर काढून दिलेला चष्मा होता, तो पुसायला मी फडकं पुढे केलं. आत्ता सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण तिच्या मागे गोली उभा होता आणि मान हलवून नको म्हणत होता. मी फडक्याची घडी घातली.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, असे डोळे वैमानिकाला हवे असतात. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी त्याच्या आईची गत झाली, ती आनंदानं पुन्हा रडली. सर मात्र हसले नाहीत. पोराला घेऊन तडक दुकानात आले आणि सगळ्यांदेखत विचारलं, इतके दिवस हे नाटक कशासाठी? शिट्टीला हातही लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं की आता खैर नाही. गोलीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "अभ्यास नको होता." आत्या, वर्गात पहिल्या पाचांत येणारा मुलगा! पण बापाला ते पटलं, कारण बापांना असलंच पटतं. वसतिगृहात टाकायचं ठरलं. तिथे शिस्त आहे म्हणे. ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "तुला एकदाही कळलं नाही?" आता कळलं होतं म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता. मी म्हटलं, "नाही कळलं." बाबांनी हातातली काच पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "हे काम तुला जमायचं नाही." मला तेच काम जमतं, आत्या, दुसरं काहीच जमत नाही. तेव्हापासून मी बाहेर बसून चष्म्याच्या डब्या पुसतो.

जायच्या आदल्या दिवशी तो आला. चष्म्याच्या काड्या सैल झाल्यात म्हणाला. बाबा शेजारीच होते. मी काड्या गरम करून वाकवल्या, त्याच्या कानामागे बसवल्या. विचारलं, "टोचतंय?" तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "दिसतंय का नीट?" म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "सवय होईल." एवढंच बोललो. एवढं बोलून तो गेला. दारातून रस्ता ओलांडेपर्यंत दिसत होता, मग माझाच चष्मा भिजला आणि तेवढंही दिसेनासं झालं. आता रोज दुकानाची घंटी वाजली की मी मान वर करतो आणि रोज कोणीतरी गिऱ्हाईकच असतं.

असो. तुझ्या गुडघ्यांना जप. उगाच जिने चढू नकोस. मोठ्यांना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.

तुझा,
बिनकामाचा भाचा

ता. क. : खरं म्हणजे मी गुडघ्यांसाठी लिहिलं नव्हतं. ते वसतिगृह तुझ्याच गावात आहे, बाजारामागच्या टेकडीवर. रविवारी मुलांना बाहेर सोडतात, पण फक्त नातेवाइकांकडे. त्याचं तिथे कोणी नाही. तू त्याची आत्या होशील का? फाटकावर जाऊन तेवढं एक खोटं बोल. आपल्याकडे नाहीतरी माणसाला भलतंच नाव देऊन वर्षानुवर्षं निभावून नेतात.

ता. क. २ : तो चष्मा लावूनच येईल. काढ म्हणू नकोस. मी गुपचूप त्यात साध्या काचा बसवणार होतो, म्हणजे त्याला त्रास नको. पण काड्या वाकवताना पाहिलं तर साध्या काचा आधीच होत्या. दुकानात काचा बसवणारं माझ्याखेरीज एकच माणूस आहे.

ता. क. ३ : पाकिटावरचा पत्ता त्याच माणसानं आत्ता वाचला. (लांबूनच वाचला, चष्म्याशिवाय. दिसलं कसं कोण जाणे.) मला वाटलं, आता फाडतात. तर म्हणाले, "तिला लिही, दोघींचे डोळे तपासून घ्या म्हणावं. वय झालं दोघींचं." दोघींचं म्हणाले, आत्या. भाडेकरू म्हणाले नाहीत.

ता. क. ४ : आला की त्याला दारात उभा कर आणि भिंतीवरचं काहीही वाचायला सांग. तो म्हणेल, दिसत नाही. तू म्हण, मग पुढच्या रविवारी परत यावं लागेल.