उतरवलेल्या तारा

३ एप्रिल
नव्या गावात येऊन एकच दिवस झाला आणि मला चक्क आनंद झालाय. एरवी असं होत नाही, म्हणून ही वही काढली. संगीत वर्गाच्या वरची खोली मिळाली आहे. खिडकी मोठी, नळाला पाणी. खाट कुरकुरते, पण मीही कुरकुरतोच, तेव्हा आमचं जमेल. वर्ग चालवणाऱ्या बाई फटकळ आहेत. डाव्या हाताकडे बघून त्यांनी सरळ विचारलं, किती बोटं चालतात? मी सांगितलं, अंगठ्याशेजारचं एकच. दोन वर्षांपूर्वी हात गाडीच्या दारात चेमटला, बाकीची तिन्ही तेव्हापासून लाकडाची. त्या म्हणाल्या, शिकवायला तोंड चालतं ना, मग पुरे.

५ एप्रिल
कपाटामागे माझ्याआधी इथे शिकवणाऱ्या सरांची गिटार सापडली. सहापैकी चार तारा उतरवलेल्या. आधी वाटलं, ढिल्या पडल्यात. सहज छेडली आणि खाटेवर बसलोच. काही न दाबता पूर्ण कॉर्ड, एरवी जिला तीन-चार बोटं लागतात! दांडीवरच्या पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकलं की दुसरी, सातव्यावर तिसरी. जाड तारा मोकळ्या वाजत राहतात आणि त्यांच्यावर त्याच एका बोटाने पातळ तारेवर चाल काढता येते. दोन वर्षांनी आख्खं गाणं वाजवलं. रडलो. माझा हात गेल्यावर महिन्याभरात माझ्या जागी दुसरा वादक उभा करणाऱ्या माझ्या कार्यक्रमांतल्या जोडीदाराला हे ऐकवायला हवं होतं. मेल्याची झोप उडाली असती.

११ एप्रिल
लेक सुट्टीला आली. एकोणीस वर्षांची आहे आणि गिटार शिकते त्याच जोडीदाराकडे. पुढच्या महिन्यात तिचा पहिला मोठा कार्यक्रम. तिची बोटं पळताना बघून अभिमान वाटतो आणि पोटात जळतंही. वहीत खोटं कशाला लिहू? हे ट्यूनिंग तिला भलतंच आवडलं. तासाभरात उचललं. वर म्हणाली, बापाकडून शिकण्यासारखं काहीतरी सापडलं एकदाचं. दिवसभर मी हवेत होतो.

१२ एप्रिल
सकाळी कप विसळताना अनामिका हलली. माझी! तीनदा हलवून पाहिली. लेकीने मला मिठीच मारली. तिच्या अनामिकेला मात्र मुंग्या येतायत. सराव जास्त झाला असेल.

१४ एप्रिल
मधलं बोटही सुटलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, आधीच्या सरांचंही असंच झालं. आले तेव्हा हात गळ्यात बांधलेला, गेले तेव्हा दोन्ही हातांत बॅगा. बायकोच्या बॅगाही त्यांनीच उचलल्या, कारण तिला तेव्हा काही धरताच येत नव्हतं.
वर आलो तर लेक शर्टाच्या बटणाशी झटत होती. तिची दोन बोटं हातात घेतली. गार. कोपऱ्यातल्या गिटारच्या उतरवलेल्या तारांकडे नजर गेली.

१५ एप्रिल
चारही तारा चढवल्या, नेहमीच्या सुरात आणल्या. दुपारपर्यंत माझी दोन बोटं पुन्हा लाकूड. ती खाली हसत वाजवतेय, दहाही बोटांनी.
म्हणजे खरं आहे.
मला बरं वाटायला हवं होतं.

१७ एप्रिल
जोडीदाराचा फोन आला होता, तिला. तिने हौसेने सांगितलं, सर म्हणाले, बापापेक्षा तू कितीतरी सरस आहेस.
ती तरुण आहे. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, आयुष्य पडलंय. मला काय उरलंय?
फक्त दोन दिवस. मग परत चढवीन.
तारा उतरवल्या. तिच्या हातात गिटार मीच दिली.

१८ एप्रिल
दोन्ही बोटं आली. ती रडत होती, कार्यक्रम कसा होणार म्हणून. मी तिचा हात धरून बसलो. म्हणाली, तुमचा हात किती उबदार आहे, बाबा.
लाज वाटते. तारा चढवल्या नाहीत.

१९ एप्रिल
करंगळी राहिली. एकच.
आज ती गिटारला हातही लावत नाही. बरंच झालं. बरंच —
दिवसभर करंगळीकडे बघतोय.

२० एप्रिल
सकाळीच हट्टाला पेटली. या ट्यूनिंगला एक बोट पुरतं ना, म्हणाली, मग कार्यक्रम तसाच करीन. बाबांसारखा.
खाली वाजवायला बसलीय. ऐकू येतंय. जाऊन हातातून काढून घ्यायची, चार खुंट्या पिळायच्या, बस. उठतो —

करंगळी हलली.

उठतो. हे गाणं संपू दे. नाही, आत्ताच, फक्त एकदा चारही बोटं मिटून बघतो आणि लगेच —