चहा तोडल्याचे तीन दिवस

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षे झाली, तरी विचारते: हे कोडे तुम्हाला कधी पडले होते का? बिनसाखरेच्या कोऱ्या चहात अन्न म्हणावे असे काहीच नसते. मग तो प्यायल्यावर धावणाऱ्याला तेच अंतर हलके का वाटते? पडले नसणार. कोडे पडायला आधी शंका यावी लागते, आणि तुमच्याकडे फक्त शिट्टी होती.

वाकोल्याच्या आमच्या शाळेत, आंतरशालेय शर्यतीआधी तीन दिवस तुम्ही आम्हा मुलींचा चहा तोडलात. अजून दिसते मला: आम्ही रांगेत तोंडे उघडून उभ्या आहोत, तुम्ही एकेकीच्या श्वासाचा वास घेत आहात, आणि तुमच्या स्वतःच्या हातात कटिंगचा ग्लास आहे. दुसऱ्या दिवशी माझे डोके ठणकू लागते.

"सर, डोकं फुटतंय हो."

"फुटू दे! चहाचं विष बाहेर पडतंय. रक्त साफ होतंय, कळलं?"

"मग सरांचं कधी होणार गं साफ?" मागून मैत्रीण कुजबुजते. तिला मैदानाच्या चार फेऱ्या पडतात.

आता ऐका. अंधेरीच्या महाविद्यालयात मी हेच शिकवते आणि शिकवताना दर वेळी नव्याने हरखते. श्रमाबरोबर मेंदूत थकव्याचा निरोप देणारे एक द्रव्य साचत जाते. चहातले कॅफीन शक्ती देत नाही. ते तो निरोप पोचण्याची जागा अडवून बसते. रोज चहा पिणाऱ्याचा मेंदू मग अशा जागा वाढवतो. चहा एकाएकी तोडला, की सगळे निरोप एकदम पोचतात आणि डोके ठणकते. तुमची ती रक्तशुद्धी एवढीच होती, सर!

त्या शर्यतीतून जिल्ह्याच्या संघात तिघींना जागा होती. मी चौथी आले आणि पुन्हा कधी स्पर्धेत उतरले नाही. तुमच्या अडाणीपणाने माझी जागा खाल्ली, असे मी दरवर्षी वर्गात सांगते. मुले तुम्हाला पोटभर हसतात.

हे कोणालाही पडताळता येईल. दोन दिवस चहा सोडावा, तिसऱ्या सकाळी ठरलेले अंतर धावून वेळ लिहावी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच करावे, फक्त धावण्याआधी तासभर एक कप घ्यावा.

यातला दुसरा प्रयोग मी शर्यतीच्याच सकाळी केला होता. "उपाशी खंय धावतलंस गो?" म्हणत आईने चहाचा पेला पुढे केला, मी तो रिकामा केला आणि बडीशेप चघळत तुमच्यासमोर तोंड उघडले. हे वर्गात कधी सांगितले नाही, आणि हे पत्रही कोणाला दाखवणार नाही. धावताना माझे डोके मुळीच दुखत नव्हते.